इंदूवहिनींच्या हातातली बॉबिन

रेखाचा फोन आला तेव्हा मी पोह्यांसाठी कांदा चिरत होते. "मंदाआत्या, आई गेली. झोपेतच गेली," एवढंच ती म्हणाली आणि मग पलीकडून नुसता लालबागच्या रस्त्यावरच्या हॉर्नचा आवाज येत राहिला. बातमी अनपेक्षित नव्हती. इंदूवहिनींची दोन्ही मूत्रपिंडं केव्हाच निकामी झाली होती, काही वर्षं त्या डायलिसिसवर होत्या आणि आता ते त्यांनी स्वतः ठरवून थांबवलं होतं. पुढे काय होणार हे डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना नीट समजावून सांगितलं होतं. तरीही ऐकल्यावर हातातली सुरी खाली ठेवायचं भान राहिलं नाही. रडायला कांद्याचं निमित्त आयतं मिळालं होतं, ते मी घेतलं.

वहिनी माझ्या सख्ख्या वहिनी नव्हेत. लालबागच्या आमच्या चाळीत आमची खोली आणि त्यांची खोली यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि तीही अशी की पलीकडे फोडणी पडली की अलीकडे शिंका यायच्या. त्यांचे यजमान बाबलदादा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. माझी आई मला त्यांना राखी बांधायला लावायची, म्हणून ते दादा आणि या वहिनी. स्वतः वहिनीही गिरणीतच होत्या, वाइंडिंग खात्यात. सुताच्या बॉबिन भरायचं त्यांचं काम, पूर्ण पाळी उभ्याने. संध्याकाळी परत आल्या की केसांत, भुवयांत कापसाचे तंतू असायचे आणि उजव्या हाताची बोटं मांडीवर आपोआप हलत असायची, तुटलेलं सूत जोडल्यासारखी. मी तेव्हा नुकतीच महापालिकेच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. वहिनी मला कौतुकाने "बाई" म्हणायच्या आणि माझं डोकं चढलेलं दिसलं की "गो मंदा" म्हणून खाली आणायच्या.

ब्याऐंशीच्या जानेवारीत संप सुरू झाला. सुरुवातीला चाळीत गणपतीत असावी तशी हवा होती. दिवसा कधी न दिसणारी पुरुषमाणसं गॅलरीत दिसायला लागली, पोरांना नवल वाटायचं. मग हळूहळू एकेक खोली गप्प होत गेली. कोणी गावाला गेलं, कोणाची शिलाई मशीन गेली, कोणाचं मंगळसूत्र. बाबलदादा रोज सभेला जायचे आणि परत येऊन भिंतीला टेकून बसायचे. घर चालवलं वहिनींनी. परळच्या कचेऱ्यांमधल्या लोकांना डबे द्यायला लागल्या. पहाटे उठून चपात्यांची कणीक मळायची, दुपारी मासे साफ करायचे, संध्याकाळी मसाला कुटायचा. गिरणीत उभं राहून राहून गुडघे आधीच कुरकुरत होते, आता खांदेही धरले. एक दिवस गॅलरीत पाण्याची कळशी उचलताना त्या मटकन खाली बसल्या. मी आणि माझी आई त्यांना दोन्ही बाजूंनी धरून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो.

त्या डॉक्टरांविषयी मला वाईट लिहिता येणार नाही, आणि वहिनी असत्या तर त्यांनी लिहूही दिलं नसतं. संपाच्या काळात कोणाही कामगाराला त्यांनी दारातून परत पाठवलं नाही. फक्त त्यांच्या दवाखान्यात बसलं की एक गोष्ट डोळ्यांत भरायची. भिंतीवरचं घड्याळ, टेबलावरचं पेन, कॅलेंडर, पेपरवेट... सगळ्यांवर कुठल्या ना कुठल्या औषधाचं नाव. आम्ही बाकावर ताटकळत असायचो आणि टाय लावलेला, बॅग घेतलेला औषध कंपनीचा माणूस आमच्याआधी आत जायचा. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा आमच्या कोणाच्या मनात आलं नाही. उलट एवढे लोक येतात म्हणजे डॉक्टर मोठा, असंच आम्हाला वाटायचं. डॉक्टरांनी वहिनींचे गुडघे दाबून पाहिले, टेबलाच्या खणातून गोळ्यांची एक नवी पट्टी काढली आणि म्हणाले, "ही पिवळी गोळी घ्या. चांगली आली आहे. चार-पाच दिवसांत उभ्या राहाल." वहिनी दुसऱ्याच दिवशी उभ्या राहिल्या.

ती पिवळी गोळी मग चाळीतच राहायला आली. आमच्या चाळीत साखरेच्या वाटीसारखी औषधंही या घरातून त्या घरात जायची. प्रत्येक घरात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असायचा आणि त्यात उरलेल्या गोळ्या. कोणाला ताप आला, कंबर धरली, चक्कर आली की डबे उघडायचे. "आमच्या ह्यांना हिने बरं वाटलं, तू पण घेऊन बघ." गोळ्यांची नावं कोणालाच पाठ नव्हती, त्या रंगावरून ओळखल्या जायच्या. पलीकडच्या सरलाकाकी तर या देवाणघेवाणीत एवढ्या तरबेज होत्या की आम्ही त्यांच्या खोलीला ओपीडी म्हणायचो. वहिनींची पिवळी मात्र फार कोणाला मिळायची नाही, कारण ती त्यांनाच लागायची. रोज नाही, पण आठवड्यातले चार दिवस तरी. पट्टी रिकामी झाली की ती औषधाच्या दुकानात दाखवायची आणि तशीच भरलेली घेऊन यायची. त्याला डॉक्टर लागत नव्हता की चिठ्ठी लागत नव्हती.

वर्षं गेली. गिरणी उघडली ती थोडी, मग बंद झाली ती कायमची. वाइंडिंगमधल्या बायकांना तर कोणी बोलावलंच नाही. सामान भंगारात निघालं तेव्हा बाबलदादा तिथे जाऊन आले आणि येताना एक लाकडी बॉबिन खिशात घालून घेऊन आले. वहिनींनी ती खिडकीच्या फळीवर ठेवली, तिच्यावर पांढरा दोरा गुंडाळला आणि दोऱ्यात सुई खोचली. दादा त्यानंतर फार जगले नाहीत. मी लग्न होऊन दादरला गेले, पण शाळा परळलाच होती, त्यामुळे सुटल्यावर वहिनींकडे अर्धा तास बसल्याशिवाय माझा दिवस मावळत नसे. त्या पातेल्यातून उंचावरून चहा ओतायच्या, भांडंभर चहा पिणारी बाई. रेखा मोठी झाली, नोकरीला लागली, जेवणाचे डबे देणं बंद झालं. कोपऱ्यावरचे डॉक्टर वारले आणि दवाखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान आलं. पिवळी गोळी चालूच होती. मधल्या काळात वहिनींना साखर निघाली, रक्तदाब निघाला. एकेका दुखण्याचा वेगळा डॉक्टर आणि प्रत्येकाच्या वेगळ्या गोळ्या. त्यातल्या एकाला मी स्वतः विचारलं होतं, की ही पिवळी अजून घ्यायची का? ते म्हणाले, "ती दुसऱ्या डॉक्टरांनी दिली आहे. ती मी कशी बंद करू?" वर सौजन्याने हसले. त्या सौजन्याचा मला आजही राग येतो.

पाय सुजायला लागले, जेवण जाईना, जिना चढताना दम लागायला लागला, तेव्हा रेखाने आईला परळच्या मोठ्या रुग्णालयात नेलं. मी सोबत होते. तिथले मूत्रपिंडाचे डॉक्टर अगदी तरुण होते, मी शिकवलेल्या मुलांच्या वयाचे. रिपोर्ट पाहिल्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि दुखण्यावर काही घेता का म्हणून विचारलं. वहिनींनी पिशवीतून पट्टी काढून दाखवली.

"ही किती वर्षं घेताय, आजी?"

"संपापासून."

"कुठल्या संपापासून?"

वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या. मी डॉक्टरांना सांगितलं, कुठला संप ते. त्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. त्यांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली आणि टेबलावर ठेवली. मग त्यांनी आमच्यापासून काही न लपवता सांगितलं, की अशा गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की मूत्रपिंडं खराब होतात. इथे साखरेने आणि रक्तदाबाने त्यात भर घातली असणार, पण ही गोळी फार पूर्वीच थांबायला हवी होती. "तुम्हाला कोणी बंद करायला सांगितली नाही का?" असं त्यांनी विचारलं, आणि त्यांच्या स्वरात दोष नव्हता.

खाली उतरल्यावर रेखाचा संताप अनावर झाला. तक्रार करायची, वकील गाठायचा, पेपरात द्यायचं. पण कोणाविरुद्ध? कोपऱ्यावरचे डॉक्टर हयात नव्हते. औषधाची कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झालेली, तिचं नावही बदललेलं. दुकानदार म्हणाला असता, त्यांनी मागितली, मी दिली. मी तर रेखाहून जास्त भडकले होते, वहिनींनाच म्हणाले, "तुम्हाला राग कसा येत नाही?" त्या रुग्णालयाच्या बाहेर कट्ट्यावर बसल्या. समोर जिथे गिरणी होती तिथे आता काचेची इमारत आहे आणि तिच्यातही एक मोठं खासगी इस्पितळ आहे, ज्याच्या दाराशी आमच्यासारख्यांना नुसतं उभं राहायलाही अवघड वाटतं. त्या इमारतीकडे बघत वहिनी आपल्या मालवणीत म्हणाल्या, "राग येता गो. पण ता संपासारखाच झाला. सुरू झालो तेव्हा सगळे सांगूक इले. मिटलो म्हणान सांगूक कोण इलो काय?"

खरंच, तो संप मिटला असं आम्हाला कधी कोणी येऊन सांगितलंच नाही. लोक वाट बघत राहिले, थकले, मेले. मी इतकी वर्षं मुलांना इतिहास शिकवला, पण संप आणि ती गोळी या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघायचं मला सुचलं नव्हतं. आधी मला वाटलं की वहिनी दुःख झटकायला काहीतरी बोलल्या. पण त्या दिवसापासून तो प्रश्न त्यांच्या तोंडात बसला. कुठल्याही डॉक्टरने काहीही लिहिलं की त्या विचारायच्या, "ही कधी बंद करायची?" काही डॉक्टर चिडायचे, काही घड्याळ बघायचे. ते तरुण डॉक्टर मात्र दर वेळी उत्तर द्यायचे, कधी "जन्मभर घ्यायची, आजी, हिला सुट्टी नाही" असं, तर कधी "पुढच्या सोमवारी" असं.

डायलिसिससाठी त्यांच्या डाव्या हातातल्या दोन रक्तवाहिन्या शस्त्रक्रियेने एकमेकींना जोडल्या होत्या. तिथे हात लावला की आत सतत घरघर जाणवते, रक्त जोराने धावत असतं म्हणून. आठवड्यातून दोनदा त्या हातात जाड सुया खुपसायच्या, आणि तासन् तास यंत्राला जोडलेलं राहायचं. पाणी मोजून, चहा तर अर्धा कप. भांडंभर चहा पिणारी बाई अर्ध्या कपाकडे बघून म्हणायची, "ह्यो काय तोंड धुवक दिलास?" मी हसायचे आणि घरी येऊन रडायचे.

मग आली ती संक्रांत. चाळीत हळदीकुंकवाची गडबड सुरू झाली. दादा गेल्यापासून वहिनी त्यातून बाजूला झाल्या होत्या, म्हणजे बाजूला केल्या गेल्या होत्या. विधवा बाईने हळदीकुंकू कसं करायचं? त्या वर्षी त्यांनी गॅलरीभर निरोप धाडला. हळदीकुंकू नाही, पण संध्याकाळी तिळगुळाला या, आणि येताना तुमचा गोळ्यांचा डबा घेऊन या. वाण लुटायला जायचं सोडून डबा घेऊन कशाला जायचं, हे कोणाला कळेना, पण उत्सुकतेपोटी चाळीतल्या निम्म्या बायका आल्या. मला चष्मा घेऊन बोलावलं होतं, गोळ्यांची नावं वाचायला. डबे उघडले गेले. मी पहिली पट्टी हातात घेते न घेते तोच सरलाकाकींनी शेजारणीच्या डब्यात हात घातला. "अगंबाई, ही गुलाबी तुझ्याकडे आहे होय? मला दे की थोड्या. तुला पित्ताची देते." आणि बघता बघता खोलीत बाजार भरला. लुटायचंच असतं ना संक्रांतीला... बायका एकमेकींच्या गोळ्या लुटायला लागल्या. मी "शांत बसा, शांत बसा" म्हणून वर्गात ओरडायची तशी ओरडले, पण माझं कोण ऐकतंय.

वहिनी उठून काकींपाशी आल्या. त्यांनी पदर बाजूला करून डावा हात पुढे केला, बांगडी नसलेला, सुयांनी काळानिळा पडलेला, आणि सरलाकाकींचा पंजा धरून त्यावर ठेवला. काकी दचकून मागे सरकल्या.

"हे काय गं? आत काय फिरतंय?"

"बॉबिन," वहिनी म्हणाल्या. "मिल बंद झाली, पण माज्या हातात बॉबिन फिरता अजून. गोळी कधी बंद करूची ता मी कोणाक विचारूक नाय, म्हणान."

मग एकेक बाई पुढे आली. कुंकवाला बोट लावावं तसं प्रत्येकीने त्या हाताला हात लावला. कोणी तोंडावर पदर घेतला, कोणी पटकन हात काढून घेतला. नंतर मी गोळ्यांची नावं वाचली. एका बाईच्या डब्यात एकच औषध तीन वेगळ्या नावांनी निघालं, तीन डॉक्टरांनी दिलेलं, आणि ती तिन्ही इमानेइतबारे घेत होती. वहिनींनी सगळ्यांना एकच सांगितलं, पुढच्या वेळी डॉक्टरकडे डबाच घेऊन जा आणि विचारा.

पुढच्या संक्रांतीला सरलाकाकी हसतमुखाने रिकामा डबा घेऊन आल्या. "मी सगळ्या बंद केल्या." त्यात रक्तदाबाचीही गेली होती. वहिनींनी असं काही झापलं की काकींचा रक्तदाब तिथेच कळला असता. "आपल्या मनान बंद करूक तुका कोणी सांगल्यान? विचारून बंद कर म्हटलय मी!" दुसऱ्या दिवशी रेखा काकींना हाताला धरून डॉक्टरकडे घेऊन गेली. तेव्हापासून तिळगुळाची ती संध्याकाळ चालूच राहिली. फार काही बदललं असा माझा दावा नाही. औषधाच्या दुकानात रिकामी पट्टी दाखवली की भरलेली अजूनही मिळते, आणि काचेच्या इस्पितळातही टाय लावलेली माणसं आधी आत जातात. पण आमच्या चाळीतले डबे हलके झाले, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर वहिनी फार थकल्या. हाताच्या शिरांत सुया बसेनात, दर पंधरवड्याला ताप आणि खाट. एक दिवस यंत्रावरून उठवल्यावर त्यांनी तरुण डॉक्टरांना, जे आता तितके तरुण राहिले नव्हते, तोच प्रश्न विचारला. "आणि ह्या कधी बंद करूचा?" डॉक्टरांना मालवणी येत नव्हती, पण प्रश्न कळला. ते खाटेच्या कडेला बसले. म्हणाले, "आजी, हे बंद करा असं मी सांगणार नाही. पण तुम्ही ठरवलंत तर मी अडवणार नाही. त्रास होणार नाही एवढं मी बघीन." रेखा तिथेच ओक्साबोक्शी रडली. पुढचे कितीतरी दिवस ती आईशी भांडत होती, विनवत होती, अबोला धरत होती. मीही वहिनींना म्हणाले, रेखासाठी तरी थांबा. त्या म्हणाल्या, "मंदा, माज्या आयुष्यातला सगळा दुसऱ्यांनी सुरू केल्यानी आणि कोणी बंद करूक इलो नाय. एवढा तरी माका करू दे." शेवटी रेखाच एका सकाळी माझ्या दारात आली आणि म्हणाली, "आत्या, मी आईला हो म्हटलं."

मी शेवटचं भेटायला गेले तेव्हा त्या खिडकीशी उशांना टेकून बसल्या होत्या. चेहरा सुजलेला, पण नजर पूर्वीसारखी. रेखाने सवयीने अर्धा कप आणला. वहिनींनी तो परत केला. "आज पुरो दी." रेखाने काठोकाठ भरून आणला. बशीत ओतून, फुंकर घालून, एकेक घोट त्या चवीने प्यायल्या. कितीतरी वर्षांनी प्यायलेला तो पहिला पूर्ण कप. मध्येच माझा हात घेऊन त्यांनी आपल्या डाव्या हातावर ठेवला. घरघर चालू होती. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो... चाळीत कोणीतरी बोंबील तळत होतं.

रेखाचा फोन आल्यावर मी पोहोचले तेव्हा त्यांना अंघोळ घालून ठेवलं होतं. बायकांच्या घोळक्यात वाट काढून मी आधी तो हात धरला. आत काहीच नव्हतं. तेव्हा मला खरं पटलं.

परवा संक्रांत झाली. रेखाने कोणाला बोलावलं नव्हतं, घरात सुतक होऊन गेलं होतं तरी वर्षाचं दुःख होतं. संध्याकाळी मी सहज तिच्याकडे गेले होते. दार उघडंच होतं, आणि एकेक करून बायका यायला लागल्या, न बोलावता, पदराखाली आपापला डबा घेऊन. कोणालाच सुरुवात करता येईना. सरलाकाकी आता खूप वाकल्या आहेत. त्या खिडकीपाशी गेल्या, फळीवरची बॉबिन उचलली आणि मुठीत धरून डोळे मिटून उभ्या राहिल्या, आत काही फिरतंय का बघत असल्यासारख्या. मग त्यांनी ती होती तिथे ठेवली, दोऱ्यात सुई नीट खोचली आणि माझ्यासमोर येऊन बसल्या.

"बाई, चष्मा लावा," त्या म्हणाल्या आणि डबा उघडून पुढे सरकवला. "ह्यातली कुठली कधी बंद करायची ते डॉक्टरला विचारायचंय. एकेक नाव वाचा."